स्टील बांधून झालं की ड्रॉइंग बदलतंय, गडी टिकवायचे कसे?

कळंबा_साईट

राम राम मंडळी. कोल्हापुरात कळंब्याला पार्किंग प्लस पाच मजल्याचं काम चालू आहे, मी तिथं लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून साईट बघतोय. सध्या तिसरा स्लॅब. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट धरणारा प्लेटा-जॅकचा साचा, झालं, बीमचं स्टील बांधून संपत आलं, आता स्लॅबच्या जाळीला हात लावायचा म्हणतोय तेवढ्यात आरसीसी कन्सल्टंटकडनं (स्लॅब-बीमचं डिझाईन करणाऱ्याकडनं) नवीन ड्रॉइंग आलं. तिसरा मजला सगळाच्या सगळा एका डायग्नोस्टिक सेंटरला गेलाय म्हणे, त्यामुळं पूर्वेकडच्या चार बीमची उंची ४५० एमएमची ६०० झाली आणि खालच्या सळ्या १६ एमएमच्या २० च्या झाल्या. म्हणजे बांधलेलं सोडा, रिंगा (सळ्यांभोवतीची कडी) काढा, बीमचा तळ दीडशे एमएम खाली घ्या, साईडच्या फळ्या बदला आणि मग परत बांधा. याच्या आधी लिफ्टचा डक्ट सरकला होता, नंतर टॉयलेटचा सनकन (खाली घेतलेला) स्लॅब इकडचा तिकडं गेला, आणि दोन्ही वेळेला काम झाल्यावरच कागद आला.

बदल होतात हे मला मान्य आहे, माझा प्रश्न गड्यांचा आहे. फिटरची टोळी विजापूरकडची, लई चांगली माणसं, रिंगेचं अंतर टेप न लावता बरोबर येतं त्यांचं. पण काल मुकादम बांधलेल्या बीमवर बसून राहिला आणि म्हणाला, साहेब उद्या परत कागद येणार असंल तर आज तार कशाला वळायची? मला उत्तर देता येईना. दोघं जण शिरोलीकडच्या दुसऱ्या साईटला गेले पण. जे राहिलेत त्यांच्या कामात फरक पडलाय, स्टील फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे कव्हर ब्लॉक राहतात, गाठी एक सोडून एक मारतात, आधी असलं कधी सांगावं लागत नव्हतं. मालक म्हणतात स्लॅबच्या दिवशी मटणाचं जेवण घालतो, खूश होतील. मिरगाच्या आधी स्लॅब टाकायचाय. कुणी असल्यातनं टोळी सांभाळून नेली असेल तर नेमकं काय केलं ते सांगा, 'मोटिव्हेशन द्या' एवढंच सांगू नका प्लीज.

पेठेतला_ठेकेदार

मटण जरूर घाला, स्लॅबचं जेवण ही आपल्याकडची रीतच आहे आणि पोरं वाट बघतात त्याची. पण ते स्लॅब टाकल्याचं जेवण आहे, मोडलेल्या कामाचा मोबदला नव्हे. हे दोन्ही एकत्र केलं की गडी जेवतात आणि पुढच्या सोमवारी येत नाहीत.

पहिलं काम, मोडतोडीची हाजरी वेगळी लिहा. तुमचे फिटर टनावर घेतलेत ना? मग सोडायचं काम कुठल्या टनात धरणार? बांधलेलं सोडायला जेवढा वेळ जातो त्याचा एक पैसा टनाच्या रेटमध्ये नसतो. जेवढी माणसं जेवढे दिवस सोडायला लागली तेवढी रोजंदारीनं हाजरी, आणि ती त्याच आठवड्याच्या पगारात हातात द्यायची. बिल निघाल्यावर बघू म्हणायचं नाही, बिल कधी निघतंय ते तुम्हालापण माहीत नसतंय. माझ्याकडं हाजरीच्या वहीत त्याला वेगळं पान आहे, वर तारीख आणि कुठलं ड्रॉइंग बदललं त्याचा नंबर, खाली मुकादमाची सही. तीच वही मालकाला दाखवून मी एक्स्ट्रा मागतो. मालक देतो, नाही देत, तो माझा आणि मालकाचा विषय, गड्याला त्यात ओढायचं नाही.

दुसरं म्हणजे त्या काढलेल्या रिंगा भंगारात टाकू नका. ४५० च्या बीमच्या रिंगा वरच्या मजल्यांना लागणारच आहेत, बंडल बांधून चिठ्ठी लावून सुकं बघून ठेवा. यात पैसे वाचतात ते आहेच, पण ज्यानं त्या रिंगा मशीनवर वाकवल्यात त्याच्या डोळ्यासमोर त्या भंगाराच्या टेम्पोत पडल्या तर त्याला काय वाटत असंल याचा विचार करा. आपण हातानं केलेली वस्तू कामाला आली एवढं तरी त्याला दिसू दे.

सेंट्रिंग_उचगाव

फिटरचं सगळे बोलायलेत, सेंट्रिंगवाल्याचं पण बघा जरा. आम्ही स्क्वेअर फुटावर घेतो, ड्रॉइंग बदललं म्हणून स्क्वेअर फूट वाढत नाही. बीमचा तळ दीडशेनं खाली म्हणजे त्या बीमखालचा प्रत्येक जॅक परत सेट करायचा, लेव्हल परत, साईडची फळी कापलेली असेल तर ती वाया. आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्लेटा अडकतात. माझ्या प्लेटा तुमच्या स्लॅबखाली आठवडाभर जास्त राहिल्या तर तिकडं माझी गांधीनगरची साईट थांबते, तिथला मालक मला फोन करतोय, आणि इकडं इंजिनिअर म्हणतोय थोडं ॲडजस्ट करा की. सगळं ॲडजस्ट आम्हीच करायचं का?

मी खरं सांगतो, आमच्या पोरांना कामाचा कंटाळा नाही. बदलाचापण एवढा राग नाही. कोण सांगतच नाही याचा राग आहे. सकाळी नऊला गडी कामाला लागतो, अकराला इंजिनिअर खालनंच ओरडून सांगतो ए ते काढा रे, नवीन ड्रॉइंग आलंय. का काढायचं, कुणी बदललं, आमचं काय चुकलं का, काही नाही. गडी समजतो आपलंच काम नापास झालं. नवीन पोरगं असलं तर मुकादमाच्या शिव्या खातं, त्याचा काही संबंध नसताना.

त्यामुळं काम सुरू व्हायच्या आधी सांगा. ड्रॉइंग रात्री व्हॉट्सॲपवर आलं असंल तर रात्रीच मुकादमाला फोन टाका की उद्या पूर्वेकडच्या बीमला हात लावू नका, पश्चिमेकडनं सुरू करा. एवढ्या एका फोननं पण फरक पडतो.

आरसीसी_ताई

मी स्ट्रक्चरल डिझाईन करते, तेव्हा कागद पाठवणाऱ्यांच्या बाजूनं बोलते, पण कळंबा साईटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

आधी हे का बदललं ते सांगते, कारण मला वाटतं तुमच्या गड्यांना हेच सांगितलेलं नाही. राहत्या घराच्या खोलीला आपण आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणं माणसं-सामानाचं वजन (लाईव्ह लोड) २ किलोन्यूटन पर चौरस मीटर धरतो, म्हणजे ढोबळमानानं दोनशे किलो. एक्स-रेच्या खोलीला तोच किमान ३ धरावा लागतो, आणि मशीनचं वजन जास्त असेल तर त्याप्रमाणं अजून. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भिंत. एक्स-रेच्या खोलीला रेडिएशन बाहेर जाऊ नये म्हणून साधारण नऊ इंची विटेची भिंत घेतात, नाहीतर शिशाचा पत्रा. नऊ इंची भिंत तीन मीटर उंच धरली तर एका रनिंग मीटरला जवळजवळ चौदाशे किलो होतात. घराच्या आतल्या चार इंची भिंतीसाठी डिझाईन केलेला ४५० चा बीम त्याखाली ठेवणं योग्य नव्हतंच. कन्सल्टंटनं खालचे कॉलम आणि फुटिंगपण तपासले असणार, तरी तुम्ही एकदा विचारून लेखी घ्या.

आता हेच मुकादमाला सांगा. वर एक्स-रेची खोली येणार आहे, तिथं आजारी माणसं येणार, जाड भिंत येणार, म्हणून खालचा बीम दणकट पाहिजे. मी स्वतः साईटवर जाऊन असं सांगते तेव्हा फिटर लोक उलट प्रश्न विचारतात, आणि लई चांगले प्रश्न विचारतात. तुमच्याच केसमध्ये एक विचारून बघा: २० चे खाली पाच बार असतील आणि बीम २३० रुंद असेल तर ते एका ओळीत बसतच नाहीत. दोन्ही बाजूचं २५ कव्हर (स्टीलबाहेरचं काँक्रीट) आणि ८ ची रिंग वजा केली की आत १६४ राहतात, त्यातले १०० बारनंच खाल्ले, राहिलेल्या ६४ मध्ये चार गॅप, म्हणजे प्रत्येकी १६. तिथनं वीस एमएमची खडी जाणार कशी? खाली तीन, वर दोन, मध्ये २५ चा स्पेसर बार असं करावं लागतं. अनुभवी मुकादम हे ड्रॉइंग बघून लगेच सांगतो. त्याला काम सुरू व्हायच्या आधी विचारा आणि तो जे म्हणेल ते कन्सल्टंटला त्याच्या देखत फोन लावून सांगा. दोन थरात घेतलं की बीमची इफेक्टिव्ह डेप्थ (वरून खालच्या सळ्यांपर्यंतची उंची) थोडी कमी होते म्हणून कन्सल्टंटची परवानगी लागतेच, साईटवर परस्पर करू नका. पण ज्या माणसाचं म्हणणं ऐकून ड्रॉइंगवर टीप पडते तो माणूस त्या बीमच्या गाठी सोडून देत नाही, हे मी बघितलंय.

पेठेतल्या दादांचं हाजरीचं पटलं, फक्त एक सांगते, नुसते पैसे देऊन गप्प बसवू नका. पैसे मिळाले तरी आपण केलेलं का मोडतोय हे माणसाला कळलंच पाहिजे.

कळंबा_साईट

ताई, खालचे पाचच बार आहेत २० चे, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. उद्या सकाळी मुकादमाला घेऊन बसतो.

पेठेतले दादा, अडचण अशी आहे की आमचं ॲग्रीमेंट सगळं मिळून स्क्वेअर फुटाच्या रेटवर आहे, त्यात एक्स्ट्राचं काही लिहिलेलंच नाही. मालक म्हणतात ठरलंय तेवढंच. माझे कॉन्ट्रॅक्टर म्हणतात मालक देईना तर मी कुठनं देऊ. मी मध्ये सापडलोय.

बी_वन_टेंडर

आम्ही सरकारी कामं करतो. तिथं बी-१ च्या टेंडरमध्ये (सरकारी ठेक्याच्या ठराविक फॉर्ममध्ये) ३८ नंबरचा क्लॉज असतो, टेंडरमधल्या क्वांटिटीपेक्षा २५ टक्क्याच्या वर काम वाढलं की त्या वरच्या कामाचा रेट परत ठरवता येतो. खाजगी कामात लोक एका पानावर लिहून मोकळे होतात आणि मग सगळे एकमेकांकडं बघत बसतात.

आता मधेच क्लॉज घालता येणार नाही पण एवढं करा. आजपर्यंत जे तीन बदल झाले त्याचं एक साधं पत्र मालकाला द्या, प्रत्येकात काय मोडलं, किती माणसं लागली, किती माल वाया गेला, बदलाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. पैसे मागू नका त्यात, नुसतं नोंद म्हणून द्या आणि पोच घ्या. खाली एकच ओळ: यापुढे स्टील बांधायला सुरू झाल्यावर आलेला बदल रोजंदारीनं वेगळा धरला जाईल. मालकाला पहिल्यांदा कळतं की आपल्या एका फोनची किंमत काय आहे. बऱ्याच मालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. चौथा बदल करायच्या आधी तो दोनदा विचार करेल.

फुलेवाडी_साईट

माझं मत जरा वेगळं आहे. टोळीला सगळं सांगत बसू नये असं मला वाटतं. मालकाचं आणि आर्किटेक्टचं काय चाललंय हे गड्यांना कळलं की चर्चा सुरू होते, पैसे बुडणार का, काम बंद पडणार का, आणि मग खरंच माणसं पळतात. बदल येणार असा वास आला की टोळी दोन दिवस दुसऱ्या साईटला हलवावी, कागद फायनल झाला की आणावी. निम्मा डोक्याचा ताप कमी.

सेंट्रिंग_उचगाव

फुलेवाडी, तुमच्याकडं दुसरी साईट आहे म्हणून जमतंय. त्यांच्याकडं एकच साईट आहे. आणि टोळी दोन दिवसासाठी म्हणून गेली ती दोन दिवसात परत येत नाही हो, तिकडचा ठेकेदार काय वेडा आहे का सोडायला. राहिला पैसे बुडायच्या भीतीचा विषय, तर ती भीती न सांगितल्यानंच वाढते. पोरं काय आंधळी नाहीत. काम थांबलंय, साहेब फोनवर तावातावानं बोलायलाय, सिमेंटची गाडी आली नाही, एवढ्यावरनं ती स्वतःच हिशोब लावतात आणि तो हिशोब कायम वाईटच निघतो.

आरसीसी_ताई

फुलेवाडी यांच्या म्हणण्यातला एक भाग मला पटतो. अर्धवट बातमी सांगू नये. 'बहुतेक बदलेल' असं सांगितलं की काम तिथंच ढिलं पडतं. एकतर 'हे चार बीम थांबवा, बाकी सगळं पक्कं आहे' असं सांगा, नाहीतर काही सांगू नका. त्यासाठी ड्रॉइंगची शिस्त लागते. प्रत्येक नवीन कागदावर आर-१, आर-२ असा नंबर पाहिजे, काय बदललं त्याच्याभोवती ढगासारखी रेघ काढलेली पाहिजे, आणि जुना कागद साईटवरनं गोळा करून घ्यायचा. बऱ्याच साईटवर मुकादमाच्या खिशात जुनी झेरॉक्स असते आणि इंजिनिअरच्या मोबाईलमध्ये नवीन पीडीएफ. मग फिटर जुन्या कागदाप्रमाणं बरोबर काम करतो आणि तरी ते मोडलं जातं. हे तर फारच वाईट, कारण बदल आधीच आलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो.

आणि कळंबा साईट, कन्सल्टंट आणि आर्किटेक्टकडनं एक तारीख घ्या. चौथ्या स्लॅबचं स्टील कापायच्या आधी चौथा आणि पाचवा मजला विकला गेला असो नसो, लोड आणि भिंती काय धरायच्या ते फायनल करून द्या म्हणावं.

आरकेनगर_बंगला

मी मालक आहे, बांधकामातला माणूस नाही. आमच्या घराच्या वेळेला आमच्या ठेकेदारानं एक गोष्ट केली ती सांगतो. प्लॅन कागदावर आम्हाला कळतच नव्हता, दहा बाय बारा म्हणजे किती ते डोळ्यासमोर येत नव्हतं. त्यानं प्लिंथवर चुन्याची फक्की टाकून सगळ्या खोल्या खऱ्या मापानं आखल्या, ओटा कुठं, संडास कुठं, बेड कुठं. आईला घेऊन आलो, ती त्या रेषांमधनं फिरली आणि म्हणाली देवघर इथं नको. जे काही बदल झाले ते फक्कीवर झाले, फक्की पायानं पुसली आणि परत टाकली. भिंत चढल्यावर आम्ही काही बदललं नाही. तुमच्या वरच्या मजल्यांचे गिऱ्हाईक ठरले असतील तर त्यांना खालच्या स्लॅबवर असं आखून दाखवता येईल, टॉयलेट सरकलं वगैरे प्रकार तरी वाचतील.

पेठेतला_ठेकेदार

लाख बोललात. फक्की बारा आण्याचं काम आणि वाचवते लाखाची मोडतोड.

अजून एक गोष्ट जी कुणी लिहिली नाही. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६० पाहिजे. लई ठेकेदार सही द्यायला टाळतात, उगाच भीती वाटते म्हणून. तुमच्या टोळीतल्या ज्यांचे दिवस भरलेत त्यांना दाखला द्या, स्वतः बसून फॉर्म भरून द्या. पोरांच्या शिक्षणासाठी मदत आहे, दवाखान्याला आहे, अवजारांसाठी आहे. हे पैसे मालकानं भरलेल्या एक टक्का सेसमधनंच (बांधकाम खर्चावरच्या करातनं) येतात, तुमच्या खिशातनं काही जात नाही. ड्रॉइंग बदललं म्हणून नव्हे, एरवीपण द्यायलाच पाहिजे, पण जो साहेब आपल्या पोराच्या फॉर्मवर सही करतो त्याची साईट अडचणीत असताना गडी सहजासहजी सोडत नाही.

कळंबा_साईट

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी फिटर आणि सेंट्रिंगचे दोन्ही मुकादम, सगळी पोरं, स्लॅबवरच बसलो. एक्स-रेची खोली, जाड भिंत, सगळं सांगितलं, निम्मं हिंदीत निम्मं मराठीत. एका पोरानं विचारलं की मग मशीन वर चढवणार कुठनं, जिना तर छोटा आहे, आणि खरंच त्याचा विचार कुणीच केला नव्हता, ते आर्किटेक्टला कळवलंय. पाच बारचं मुकादमाला विचारायच्या आधीच तो म्हणाला ये बैठेगा नहीं साहब, दो लेयर में लो. तिथनंच कन्सल्टंटला फोन लावून स्पीकरवर टाकला, त्यांनी तपासून दुपारी तीन आणि दोनचं स्केच पाठवलं. मुकादमानं ते स्केच स्वतःच्या वहीत काढून घेतलं.

पैशाचं, मालक अजून पूर्ण तयार नाहीत, पण पत्र दिल्यावर आणि फोटो बघितल्यावर या वेळच्या मोडतोडीची हाजरी निम्मी मालक निम्मी कॉन्ट्रॅक्टर असं ठरलं, या शनिवारी हातात मिळणार. आधीच्या दोन बदलांचं काही होईल असं वाटत नाही. सेंट्रिंगवाल्याला प्लेटांचं भाडं मात्र मालक नाहीच म्हणाले, ते मला चुकीचं वाटतंय, परत बोलणार आहे. गेलेल्या दोघांपैकी एक परत आलाय.

आता एक शेवटचं विचारतो. उशीर झाला म्हणून मालक मागं लागलेत की हा स्लॅब झाला की खालचे जॅक लवकर काढा आणि चौथा धरा. सेंट्रिंगवालापण प्लेटा मोकळ्या व्हाव्यात म्हणून तयार आहे.

आरसीसी_ताई

नाही. गेलेला वेळ तिथनं काढायचा नाही. आयएस ४५६ प्रमाणं स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान ७ दिवस, त्याच्या वर १४ दिवस. बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१. हे साध्या सिमेंटचं झालं, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर अजून थोडं थांबा. आणि चौथ्या स्लॅबचं ओझं तिसऱ्यावर येणार, म्हणून या चार बीमखालचे टेकू चौथा टाकेपर्यंत हलवू नका.

सेंट्रिंग_उचगाव

ताई म्हणतात ते बरोबर आहे, प्लेटा काढा पण टेकू ठेवा. स्लॅबच्या प्लेटा मुदत भरल्यावर काढता येतील असं सेंट्रिंग आधीच लावून घ्या, बीमखालची लाईन वेगळी धरायला सांगा, म्हणजे प्लेटा फिरतील आणि टेकू जागेवर राहतील. तुमच्या सेंट्रिंगवाल्याला माझा निरोप सांगा, जॅक कमी पडत असतील तर माझ्याकडं उचगावात पडून आहेत, टेम्पो पाठवून घेऊन जा म्हणावं, भाड्याचं आम्ही दोघं बघून घेतो.